नसरुद्दीन सरखोतांची वकिली

सरखोतांना 'वकीलसाहेब' म्हणायचं की नाही, यावरून आमच्या घरात कायमची धुसफूस होती. माझा नवरा राजाभाऊ म्हणायचा, तेही अगदी आदराने. मी म्हणत नसे. ज्या माणसाने सगळी उमेदीची वर्षं बांधकामाच्या सामानाच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून घालवली, कायद्याचं एक पुस्तक कधी उघडलं नाही, त्याला वकील कशाला म्हणायचं? मी त्यांना सरखोतभाई म्हणायचे. ते मला मास्तरीणबाई म्हणायचे, कारण मी दोह्यातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवत होते.

आम्ही नाशिकहून सत्त्याण्णव साली आलो आणि अल थुमामातल्या एका जुन्या व्हिलात राहायला लागलो. मालकाने मधे भिंती घालून त्याची चार बिऱ्हाडं केली होती. अंगण एक, फोन एक, पाण्याची टाकी एक, त्यामुळे कुणाचं काही लपून राहत नसे. विमानतळ जवळ होता. विमान डोक्यावरून गेलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच थांबायचा आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू व्हायचा. नवीन पाहुणे बिचकत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की नाशिकला सुट्टीवर गेल्यावरही आम्ही बोलता बोलता उगाच थांबायचो.

पुढच्या बिऱ्हाडात सरखोत आणि त्यांची बायको रुकैयाभाभी. मूळ गाव श्रीवर्धनकडचं. मुलं नव्हती. सरखोत उंच, किडकिडीत, मिशा नीट कातरलेल्या, आणि शुक्रवारी पांढऱ्या सदऱ्यावर काळं जाकीट. दोह्याच्या उन्हाळ्यात जाकीट! पण त्या जाकिटाला कारण होतं, आणि ते कारण ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणाची सुटका नव्हती.

कारण म्हणजे त्यांचे खापरपणजोबा, हिसामुद्दीन सरखोत. एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या एका चिमुकल्या संस्थानात ते न्यायाधीश होते, म्हणे. संस्थानाचे वकीलही तेच. त्या काळी वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. वकील म्हणजे आपल्या दरबाराचा शब्द दुसऱ्या दरबारात नेणारा माणूस. शिवाय गाण्याबजावण्याचा शौक इतका की घरी एक सारंगीवाला पदरी ठेवलेला. एकदा खाडीच्या जकातीवरून भांडण झालं तेव्हा हिसामुद्दीन मुंबईला इंग्रज साहेबाकडे गेले. साहेबाने त्यांना व्हरांड्यात ताटकळत ठेवलं. यांनी काय करावं? चटई अंथरली, सारंगीवाल्याला बोलावलं आणि व्हरांड्यातच मैफल लावली. साहेब शेवटी गाणं ऐकायला बाहेर आला आणि जकातीचं काम झालं. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हिसामुद्दीन आठवडाभर ताटकळले होते. पुढे पुढे ते सबंध पावसाळा ताटकळू लागले. मी एकदा विचारलं, "सरखोतभाई, अजून दोन वर्षांनी ते तिथेच म्हातारे होणार का?" रुकैयाभाभी पदर तोंडाला लावून हसल्या. सरखोत हसले नाहीत. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, हिसाब येगला, इज्जत येगली."

खरं खोटं अल्ला जाणे. पण हा माणूस त्या खापरपणजोबांच्या चपला घालूनच चालत होता. शुक्रवारी नमाजानंतर कोकणातली माणसं आमच्या अंगणात जमायची, कुणी दुकानदार, कुणी क्लार्क, बरेचसे सनायातल्या लेबर कॅम्पातले, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतले. त्यांची भांडणं सरखोत सोडवत. पहिली अट अशी की दोन्ही बाजूंनी एका किटलीतला चहा प्यायचा. मग ऐकायचं. एकदा एकाने गावी जाणाऱ्या दोस्ताबरोबर आईसाठी मिक्सर पाठवला आणि त्या पठ्ठ्याने तो स्वतःच्या बहिणीला दिला. सरखोतांनी निकाल दिला की दिलेली वस्तू बहिणीकडून परत मागायची नाही, तिच्या सासरी तिची मान खाली जाईल. पण भावाने पुढच्या खेपेला आपलं सगळं सामान इथे ठेवून फक्त त्या दोस्ताच्या आईसाठी भरलेली बॅग न्यायची. आणि त्याने नेलीही! मी खिडकीतून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला तो निकाल फार आवडला.

निकालानंतर जेवण आणि जेवणानंतर गाणं. इथे इलियास येतो.

इलियास त्यांच्याच गावाकडचा, एसी दुरुस्त करणारा, वय पंचविशीच्या आसपास. आमचाही एसी त्यानेच जिवंत ठेवला होता. त्याला आजीने लग्नातली जुनी कोकणी गाणी शिकवली होती, हळदीची, मेंदीची, पाठवणीची. ती गाणी खरं तर बायकांची. कॅम्पातली पोरं आधी त्याला चिडवायची. पण तो गायला लागला की तीच पोरं गुडघ्यात मान घालून बसायची. विमान आलं की तो सूर तसाच धरून ठेवायचा, आम्हाला नुसते त्याचे ओठ दिसायचे, आणि विमान गेलं की सूर तिथेच सापडायचा. सरखोतांनी त्याच्यासाठी कुणाकडून तरी मुंबईहून पेटी मागवली. एक दिवस भारतीय लोकांच्या हॉलमध्ये त्याची बैठक करायची, हे त्यांचं स्वप्न होतं. रुकैयाभाभी दर शुक्रवारी इतक्या माणसांचा भात शिजवून वैतागायच्या आणि गाणं सुरू झालं की दाराशी येऊन बसायच्या.

इलियासचं लग्नही सरखोतांनीच जमवलं, नव्याण्णव साली. मुलगी जन्नत, त्यांच्या लांबच्या बहिणीची लेक. निकाहात मुलीचा एक वकील असतो. तो साक्षीदारांना घेऊन तिच्या खोलीत जातो, तिला विचारतो, कबूल आहे का, आणि तिचा शब्द बाहेर काझीकडे आणतो. जन्नतचे वकील सरखोत झाले. सुट्टीहून परतले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. "घरान्यात पयल्यांदा परत वकिली आली," असं ते महिनाभर सांगत होते. इलियासही तीन आठवड्यांची बायको मागे ठेवून परतला.

मग तो परत जाऊच शकला नाही. इथे कामगाराचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्या मालकाकडे असायचा. देश सोडायचा तर कफीलची परवानगी लागायची, खुरूज म्हणायचे तिला. इलियासचा कफील मदिनत अश शमालचा एक म्हातारा कतारी होता. माणूस दुष्ट नव्हता. पण दोन वर्षांनी सुट्टीची वेळ आली तेव्हा उन्हाळा होता, एसीवाल्याला उन्हाळ्यात कोण सोडतो? थंडीत सोडतो म्हणाला, तर त्या थंडीत इलियासच्या बरोबरचा एकजण सुट्टीवर गेला आणि परतलाच नाही. कफीलने सगळ्यांच्याच सुट्ट्या बंद केल्या. बायकोला इकडे आणावं तर इलियासच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात जन्नतने निरोप पाठवला. निरोप तिच्या बापाचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. इलियासने बकरी ईदपर्यंत यावं, नाहीतर तिला मोकळं करावं. खुला हवा, म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका. गावच्या जमातीनेही, म्हणजे पंचांनीही, ही मुदत मान्य केली होती. इलियासने ते ऐकलं आणि अंगणातल्या टाकीच्या कठड्यावर बसून राहिला. मग सरखोतांना म्हणाला, "चाचा, मला एकदा घरी धाडा. एकदाच. मी तिला समजवीन."

"धाडतंव," सरखोत म्हणाले. "मी सोता कफीलला भेटतंव."

इथे मला सांगितलंच पाहिजे की सरखोतांची मध्यस्थी तोवर कधी फसली नव्हती. कुणाला घेऊन भारतीय वकिलातीत जायचे तेव्हा ते काउंटरवर सांगायचे, "मी याचा वकील." त्यांच्या मनातला अर्थ हिसामुद्दीनांचा असायचा, काउंटरवरचा बाबू समजायचा कोर्टातला. जाकीट बघून खुर्ची द्यायचा. सरखोतांनी ती खुर्ची कधी नाकारली नाही. त्या एका शब्दाने त्यांना इतकी दारं उघडून दिली होती की तो शब्द एखाद्या दारावर आपटेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सप्टेंबरात राजाभाऊ त्यांना आमच्या गाडीतून शमालला घेऊन गेला. पुढचं सगळं मला त्याने सांगितलं. कफीलची बैठक मोठी, भिंतीला टेकून गाद्या, पाच-सहा म्हातारे बसलेले. कहवा आला, खजूर आले. कफील हसतमुख होता. इलियासचं नाव निघताच म्हणाला की चांगला मुलगा आहे, रमजान झाला की सोडू, इन्शाल्ला. काम झालंच होतं! तिथे शुक्रन म्हणून उठायचं होतं. पण एवढ्या दुरून, एवढं जाकीट घालून आलेला माणूस नुसता कहवा पिऊन उठेल कसा? सरखोत ताठ बसले, छातीवर हात ठेवला आणि गोदामात शिकलेल्या अरबीत म्हणाले, "अना वकील इलियास." मी इलियासचा वकील.

कफीलने कहव्याचं फिंजान खाली ठेवलं. त्याच्या अरबीत वकील म्हणजे रीतसर नेमलेला प्रतिनिधी, मुखत्यारपत्र घेऊन आलेला, सरकारदरबारी दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. त्याने विचारलं, "वकील? मुलाने माझ्यावर वकील नेमला? कोर्टात गेला का तो? कागद कुठे आहे?"

सरखोत घाबरले. नाही नाही, तसला वकील नाही, म्हणून समजावू लागले. अरबी अपुरी पडली. शेवटी त्यांना जे उदाहरण सुचलं ते त्यांनी दिलं. निकाहात असतो ना, नवरीचा, तसा वकील! सगळी बैठक हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, मग इलियास नवरी आहे का? हसले नाहीत फक्त दोघे, सरखोत आणि कफील. कफीलला वाटलं, हा माणूस आता पकडला गेल्यावर थट्टेवारी नेतोय. तो उठला आणि मंदूबला, म्हणजे त्याची सरकारी कामं करणाऱ्या माणसाला, फोन लावला. ज्याने वकील नेमला त्याचा मामला आता मंदूब बघेल, आणि मामला मिटेपर्यंत खुरूज नाही. खलास.

मामला कसला? मामला नव्हताच. जो नाही तो मिटवायचा कसा? सरखोत पुन्हा शमालला गेले, दारातूनच परत आले. मंदूबकडे गेले, तो म्हणाला, कोर्टातून लिहून आणा की केस नाही. कोर्टात कुणीतरी विचारलं, कसली केस? वकिलातीत गेले, तिथल्या बाबूने या वेळीही खुर्ची दिली आणि अर्ज ठेवून घेतला. इलियासला कफीलने शहरातल्या कामावरून काढून उत्तरेकडे वाळवंटातल्या एका साइटवर टाकलं. कफीलला तो आता कोर्टबाज वाटत होता. शुक्रवारी तो कधी यायचा, कधी नाही.

मला सरखोतांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग राजाभाऊवर चिडले. तू शेजारी बसला होतास, तुला त्यांचं तोंड दाबता आलं नाही? राजाभाऊ म्हणाला, "अगं, मला तरी कुठे माहीत होतं वकील म्हणजे काय?" तेही खरंच. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या शब्दांचे अर्थ आपल्याबरोबर विमानात बसून येतात असं आम्ही धरून चाललो होतो.

रमजान गेला. नाताळच्या सुमाराला सरखोतांनी जाकीट घालणं सोडलं. रुकैयाभाभी मला सांगायच्या, जेवत नाहीत, नमाजाला बसले की उठतच नाहीत. त्यांनी गावी फोन करून जमातीकडे मुदत वाढवून मागितली. जमात तयार होती. जन्नत नव्हती. "मामू, तुमी माजे वकील," ती म्हणाली. "माजा बोलना तकडे सांगा. मला आता थांबवत नाय."

बकरी ईदच्या आदल्या शुक्रवारी इलियास आला. हिवाळ्यातली दुपार, अंगणात कोवळं ऊन होतं. इतर माणसंही होती, पण भांडण घेऊन कुणी आलं नव्हतं. सरखोतांनी त्याला समोर बसवलं. चहा आला. दोघांनी एका किटलीतला प्यायला. मग सरखोतांनी जन्नतचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत, काही न गाळता. माजी चूक हाय, असंही म्हणाले. इलियासने ते हाताने बाजूला सारल्यासारखं केलं.

"चाचा," तो म्हणाला, "तुमी इतक्या लोकांचा इन्साफ केला. माजा पन करा. ती मागते ता बरोबर हाय का?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सरखोत सांगतील की बाबा, मी काही सांगू शकत नाही. सांगतील की अजून थोडं थांब म्हणावं तिला. कोणत्याही शहाण्या माणसाने तेच सांगितलं असतं. वरून विमान गेलं. ते गेल्यावर सरखोत म्हणाले, "बरोबर हाय. तीन हप्ते सौंसार आनि पाच वरसा वाट. तिचा बरोबर हाय, इलियास."

इलियासने मान हलवली. "मग तसा सांगा. माजी ना नाय."

तो रडला नाही. रुकैयाभाभी आत जाऊन रडल्या. मला त्या क्षणी सरखोतांना हलवून विचारावंसं वाटत होतं, की अहो, तुम्हाला निकाल कुणी मागितला होता? त्या पोराला आधार हवा होता. पण त्याने निकालच मागितला होता, आणि या माणसाला खोटा निकाल देता येत नव्हता. सगळा घोळ तिथेच होता.

ईद झाल्यावर गावी फोन लावला. असल्या गोष्टी सरखोत नेहमी स्पीकर लावूनच बोलत, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की शब्द बदलला. दोन साक्षीदार बसवले होते, इलियास मात्र आला नव्हता. आमचा फोन सगळ्यांचा, व्हिलाच्या मधल्या पॅसेजमध्ये, म्हणून मी आणि राजाभाऊही तिथेच होतो. जमातीचे लोक बोलले, अटी वाचल्या, दोन्हीकडून होकार झाला. मग सरखोत म्हणाले, जन्नतला फोन द्या, मला तिला सोता सांगायचा हाय.

"जन्नत," ते म्हणाले, "मी तुजा बोलना पोचवला. इलियास राजी हाय. तू मोकली झालीस."

सरखोतांना वाटलं, लाइन गेली. ते दोनदा हॅलो म्हणाले.

"हाय मी," जन्नत म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, पण स्पीकरवर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "मामू, तो एकदा पन 'नाय' म्हनाला नाय?"

सरखोत फोनकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता, आणि डोक्यावरून कुठलंही विमान जात नव्हतं.